मशीद कोणी दाखवायची

एदिर्नेला आलेल्या पाहुण्याला सेलिमिये मशीद दाखवावी लागत नाही. तिचे चार मिनार शहर लागायच्या आधीच सूर्यफुलांच्या शेतांवरून दिसायला लागतात. ताबाक मशिदीचं तसं नाही. ती तुंजा नदीपलीकडे आहे. बेकरी आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधल्या बोळात शिरल्याशिवाय ती दिसत नाही, आणि कोणी सोबत असल्याशिवाय परका माणूस त्या बोळात शिरत नाही. ही सोबत करण्याचा मान शादियेचा होता.

मान तिला कोणी दिलेला नव्हता. ती नवी सून असताना जर्मनीहून आलेल्या चुलत सासऱ्यांना मशीद बघायची होती आणि सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून ती गेली. तिथल्या बांग देणाऱ्या म्हाताऱ्या मुअज्जिनाने जे सांगितलं ते तिने लक्षात ठेवलं आणि पुढच्या पाहुण्यांना सांगितलं. मग दर खेपेला त्यात थोडी भर पडत गेली. कुठे थांबायचं, कुठे पाहुण्याला बोलू द्यायचं, कुठली गोष्ट शेवटी राखून ठेवायची, हे तिला आपोआप जमत गेलं. 'एदिर्नेला गेलात तर शादियेकडून ताबाक मशीद बघा,' असं नातेवाइकांत म्हटलं जाऊ लागलं. घरात पालकाचे बोरेक करावेत ते सासूबाईंनीच. तळलेल्या कलेजीचं दुकान नवऱ्याचं, गाता गळा नणंदेचा. शादियेच्या वाट्याला ही एकच गोष्ट आली होती आणि ती तिने जपली होती.

म्हणून या ईदला बुर्साहून जेरेनला मागणी घालायला मंडळी येणार असं ठरलं, तेव्हा तिने सगळा बेत मनाशी पक्का केला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी जेवण, मग बायकांनी मशीद बघून यायची, आणि संध्याकाळी लाल फितीने बांधलेल्या दोन अंगठ्या मुलामुलीच्या बोटांत घालून थोरल्यांच्या हातून फीत कापायची. जेरेन तिची एकुलती एक, नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेतलेली. मुलाची आई मुअल्लाबाई ही बुर्सातल्या जुन्या रेशीमवाल्यांच्या घरातली, जरा मिजाशीची. तिने परत जाऊन आपल्या गोतावळ्यात सांगायला हवं होतं की मुलीची आई साधीसुधी नाही.

ईदच्या आदल्या दिवशी धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, आम्हीही येतोय. पेलिनला सुट्टी मिळाली."

"या की," शादिये म्हणाली आणि फोन ठेवून कांदा चिरायला बसली. गरजेपेक्षा जास्त कांदा चिरला गेला.

पेलिन ही तिची धाकटी जाऊ. इझमीरच्या विद्यापीठात जुन्या इमारती कशा दुरुस्त करायच्या ते शिकवायची. वर्षातून दोनदा यायची, सासूबाईंसाठी गुडघ्यांचं मलम आणायची, आणि ती गेल्यावर महिनाभर सासूबाई ते मलम शेजारणींना दाखवायच्या. गुडघे रोज रात्री चोळायची शादिये. पण मलम पेलिनचं, म्हणून गुणही पेलिनचा. बरं, पोरीत खोट काढावी तर तीही सापडत नव्हती. आली की भांडी घासायला उभी राहायची, 'ताई, ताई' करायची. दुष्ट जाऊ परवडते. तिच्यावर रागावता तरी येतं.

जेवताना मुअल्लाबाईंनी कलेजी खाल्ली आणि बुर्साचं कबाब आठवलं. बदामाची मिठाई खाल्ली आणि बुर्साची साखरेत मुरवलेली चेस्टनटं आठवली. पाणी प्याल्या आणि बुर्साच्या डोंगरातलं पाणी आठवलं. स्वयंपाकघरात चहा ओतताना पेलिनने ओठ किंचित पुढे काढून हळूच म्हटलं, "आमच्या बुर्सात चहासुद्धा स्वतःच उकळतो." नक्कल इतकी हुबेहूब होती की शादियेला हसू आवरेना. क्षणभर तिला जाऊ आवडली.

मग त्या चहा घेऊन बाहेर गेल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "आज मशीद पेलिनला दाखवू दे. ती शिकलेली आहे, नीट सांगेल. शादियेच्या गोष्टी काय, आम्ही ऐकतोच."

खोलीत कोणाला काही वाटलं नाही. पेलिन मात्र चटकन म्हणाली, "नाही हो आई, ताईंना जास्त माहीत आहे."

"तूच सांग," शादिये म्हणाली. "माझा घसा सकाळपासून बसलाय."

तिचा घसा ठणठणीत होता.

पुरुष मंडळी दुकानात पत्ते खेळायला गेली. जेरेन आणि तो मुलगा सेरहात मेरिच नदीच्या काठी चहाला गेले. 'दोघांना थोडं बोलू दे,' असं मुअल्लाबाईच म्हणाल्या. आणि चार बायका बोळातून मशिदीकडे निघाल्या: पुढे पेलिन, तिच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या, आणि मागे शादिये.

अंगणात चिनाराचं जुनं झाड आहे आणि तिथून नदीपलीकडे सेलिमियेचे मिनार दिसतात. पेलिन तिथे थांबली. हीच जागा शादियेचीही थांबायची होती.

"ते मिनार बघा," पेलिन म्हणाली. "त्यांतल्या दोनांत तीन-तीन जिने आहेत, एकमेकांभोवती गुंडाळलेले. तीन माणसं एकाच वेळी वर चढली तरी कोणाला कोण दिसत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "तसला जिना आमच्या घराला हवा होता. जावाजावांची तोंडं तरी एकमेकींना दिसली नसती."

मुअल्लाबाई पोट धरून हसल्या. शादियेही हसली, पण थोडी उशिरा. हा विनोद तिचा होता. कितीतरी पाहुण्यांना तिने इथेच, याच झाडाखाली तो ऐकवला होता, आणि त्या वेळी सासूबाई कधी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"ही मशीद कातडी कमावणाऱ्यांनी बांधली म्हणतात ना?" सासूबाईंनी विचारलं. "त्यांच्या अंगाला वास यायचा म्हणून मोठ्या मशिदीत त्यांच्या शेजारी कोणी बसेना. मग त्यांनी आपली वेगळी बांधली. शादिये सांगते."

"अशी एक आख्यायिका आहे," पेलिन म्हणाली. अगदी हळुवार म्हणाली. "गोष्ट सुंदर आहे. कागदोपत्री तसं काही सापडत नाही, एवढंच."

आख्यायिका. शादियेने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. त्या कातडीवाल्यांसाठी तिच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जर्मनीच्या चुलत सासऱ्यांनी तर रुमाल काढला होता. तेही तिकडे कारखान्यात असेच वेगळे बसलेले. आणि ही चारचौघांत एका शब्दात त्यांना पुसून मोकळी.

"आमच्या बुर्साच्या उलू मशिदीला वीस घुमट आहेत," मुअल्लाबाई म्हणाल्या. "आणि कारंजं आत, मशिदीच्या आत. इथे एकच घुमट दिसतोय."

शादियेकडे याचं उत्तर तयार होतं: वीस पोरं असलेल्या आईपेक्षा एकुलत्या एका पोराच्या आईला जास्त सांभाळावं लागतं. ते ती सांगणार तेवढ्यात पेलिन म्हणाली, "काकू, वीस घुमटांना खाली खांबांची गर्दी लागते. एका घुमटाखाली काहीच नाही. सगळं ओझं कडेने उतरवावं लागतं. कसं ते दाखवू? या इकडे. आई, तुम्हीही या."

पारावर मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनाही तिने उठवलं. पाच जणींचं कडं केलं. "हात घट्ट धरा. आता सगळ्यांनी मिळून हळूहळू मागे रेला. घाबरू नका, मी धरलंय."

"ताई, तुम्ही पण या ना," ती म्हणाली.

तोवर सासूबाईंनी आपली काठी शादियेच्या हातात दिली होती, आणि मुअल्लाबाईंनी, मग बाकीच्यांनीही, पर्स. "तू तेवढं सामान धर, शादिये," सासूबाई म्हणाल्या.

"धरते की. कोणीतरी धरायला हवंच," शादिये म्हणाली.

पाच बायका हात धरून मागे रेलल्या. एरवी खुर्चीतून उठताना दोनदा हाय-हाय करणाऱ्या सासूबाई आकाशाकडे तोंड करून लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. "ओढ बसतेय ना हातांना?" पेलिन सांगत होती. "घुमटाचा पायथा असाच चहूकडे बाहेर फाकायला बघतो. तुमचे हात आहेत ना, तशा तिथे भिंतीच्या आत लोखंडी पट्ट्या दडवलेल्या असतात, एकमेकींत अडकवलेल्या. एकीने हात सोडला तर?"

"सगळ्या आपटू," मुअल्लाबाई म्हणाल्या.

"म्हणून कोणी सोडत नाही."

शादिये चार पर्स आणि एक काठी घेऊन उभी होती. तिला ते समजलं होतं. इतक्या सोप्या रीतीने समजलं होतं की तिला स्वतःचाच राग आला. आपल्याला हे कधीच का सुचलं नाही?

बूट काढून त्या आत गेल्या. दुपार कलली होती आणि पश्चिमेच्या खिडक्यांमधून आलेला उजेड गालिच्यावर तिरपा पडला होता. आत आल्यावर पेलिन मधोमध थांबली. डोक्यावरचा स्कार्फ मागे घसरला तरी तिला भान नव्हतं, नुसती वर बघत राहिली. बाकीच्याही बघू लागल्या. बराच वेळ गेल्यावर तिने बोटाने दाखवलं.

"खाली चौकोन आहे, वर गोल. चौकोनावर गोल बसत नाही, चार कोपरे उघडे पडतात. आता कोपऱ्याकडे बघा. तिथे शिंपल्यासारखा अर्धा घुमट घातला, की चाराचे आठ कोन झाले. त्या आठांच्या सांध्यांवर लहान लहान दगडी पाकळ्या, की आठांचे सोळा झाले. सोळा कोनांचा आकार आणि गोल यांत डोळ्याला फारसा फरक कळत नाही. त्यावर घुमट अलगद ठेवला. कुठेही धक्का नाही. चौकोन कुठे संपला ते सांगता येतं का?"

मुअल्लाबाईंची मान मागे कलली होती. त्यांना बुर्सा आठवली नाही.

शादियेने पाहिलं. हे कोपरे तिने हजार वेळा पाहिले होते. निळ्या फरशांवरचे लवंगफुलांचे वेल, घुमटाच्या कडेने ओवलेल्या खिडक्या, दिव्यांच्या कड्याला टांगलेलं शहामृगाचं अंडं, कोळ्यांनी जाळं करू नये म्हणून लावलेलं, सगळं तिला पाठ होतं. पण चौकोनाचा गोल होताना तिने आज पहिल्यांदा पाहिलं. चार, आठ, सोळा, आणि मग भिंत जणू हार मानून वळत गेलेली. आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आता हे तिला न दिसणं शक्य नाही. यापुढे कधीही, एकटी नमाजाला आली तरी, वर बघितलं की पेलिनचं बोट दिसणार. तिची मशीदसुद्धा आता तिच्यापाशी पेलिनच्या हातून येणार होती.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर नमाजाला बसल्या. मुअल्लाबाई म्हणाल्या, "मला कुठे पाठ टेकायला मिळेल का?"

आणि तेव्हा ते शादियेच्या मनात आलं.

मशिदीच्या चारही कोपऱ्यांत भिंत आत वळून माणूसभर उंचीचा कोनाडा झाला आहे. मागच्या डावीकडच्या कोनाड्यात तोंड घालून कोणी कुजबुजलं, की ते समोरच्या उजव्या कोनाड्यात बसलेल्याला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. आवाज कोनाड्यातून वर चढतो आणि घुमटाला घासून पलीकडे उतरतो, असं मुअज्जिनाने सांगितलं होतं. शादिये पाहुण्यांना ही गंमत सगळ्यात शेवटी दाखवायची. पेलिनला मात्र तिने ती कधी दाखवली नव्हती, इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"इथे बसा, विहीणबाई," तिने मुअल्लाबाईंना समोरच्या उजव्या कोनाड्यात बसवलं. "भिंत गार आहे, डोकं टेका." त्यांच्या हातावर लिंबाचं कोलोनही शिंपडलं. मुअल्लाबाईंनी जपमाळ काढली आणि डोळे मिटले.

मग ती मागच्या कोपऱ्याकडे गेली. "पेलिन, इकडे ये जरा. या दगडावर पाथरवटाची खूण आहे बघ. तुझ्या कागदांत आहे का?"

पेलिन लगबगीने आली, गुडघ्यांवर बसली आणि चेहरा दगडाजवळ नेला. "खरंच की. बाण आहे वाटतं."

शादिये तिला खेटून बसली. कोनाड्यातून तिच्या कानात स्पष्ट टिक, टिक ऐकू येत होतं. पलीकडे मुअल्लाबाईंच्या जपमाळेचे मणी पडत होते. वाट मोकळी होती.

"विहीणबाई कशा वाटल्या तुला?" तिने हळूच विचारलं.

"चांगल्या आहेत."

"माझ्यापाशी कसली भीड? मघाशी स्वयंपाकघरात नक्कल तर छान केलीस. मोकळेपणाने सांग. इथे कोण ऐकतंय."

टिक, टिक.

पेलिन हसली. "ती गंमत हो. बाई मनाच्या मोकळ्या आहेत, मला आवडल्या. पण ताई, तुम्हाला एकटीला गाठायचं मी कालपासून बघतेय. बरं झालं तुम्हीच बोलावलंत." तिने खुणेवरून बोट काढलं. "जेरेनला आज अंगठी नकोय."

शादियेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मुलगा तिला आवडतो. तसं काही नाही. पण तिला इझमीरला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे. रसायनशास्त्रच, जुन्या चुन्याच्या गाऱ्यावरचं काम. दोन वर्षं. एकदा बुर्साला गेली की ते होणार नाही, असं तिला वाटतं. फॉर्म भरायच्या आधी तिने मला फोन केला होता. माझ्याकडेच राहीन म्हणते. तुम्हाला सांगायला घाबरते, ताई. तुम्ही इतक्या हौसेने सगळं केलंत. म्हणून मला म्हणाली, काकू, तूच आईला सांग."

मण्यांचा आवाज थांबला होता.

पेलिनचं तोंड बंद करता आलं असतं. हात धरून 'गप्प बस' म्हणता आलं असतं. पण मग का गप्प, ते सांगावं लागलं असतं. पेलिनने विहिणीची निंदा करावी आणि विहिणीने ती ऐकावी, म्हणून हा सापळा. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापतात तसं झालं. आणि कापलेल्या नाकापेक्षाही तिला दुसरंच काही झोंबत होतं. जेरेनने फोन केला होता. ज्या पोरीचा ताप तिने हाताने मोजला, ज्या पोरीच्या परीक्षेच्या दिवसांत ती स्वतः जेवली नाही, त्या पोरीने आपलं गुपित उचलून इझमीरला नेऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात कोनाड्यात कोणीतरी शिंकलं. पेलिन दचकून मागे सरली. मागे कोणी नव्हतं. तिने मान वळवून तिरकं पलीकडे पाहिलं, तिथे मुअल्लाबाई रुमालाने नाक पुसत होत्या. तिने एकदा वर घुमटाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. तिला सांगावं लागलं नाही.

"इथलं तिथे ऐकू जातं," ती म्हणाली.

"जातं."

"तुम्हाला माहीत होतं."

शादियेने स्कार्फचं टोक नीट केलं.

"मुद्दाम केलंत, ताई? का?"

"तू कधीतरी पर्स धरून उभी राहून बघ," शादिये म्हणाली. "मग विचार."

मुअल्लाबाई गालिच्यावरून सावकाश चालत त्यांच्याकडे येत होत्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. सौदा करताना कापड बोटांत धरून बघणाऱ्या माणसाचा असतो तसा होता.

"भिंती फार बोलक्या आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "माझी नक्कल छान होते म्हणे. घरी गेल्यावर करून दाखवा, माझ्या थोरल्या सुनेपेक्षा बरी करता का बघू." पेलिन लाल झाली. "ते राहू दे. पण मुलीचं ऐकलं ते खरं आहे का?"

"काकू, माझं ऐका," पेलिन म्हणाली, "यात ताईंचा..."

"मी यांना विचारतेय." त्या शादियेकडे वळल्या. "मुलगी असली गोष्ट काकूला सांगते आणि आईला नाही? आमच्या बुर्सात असं नसतं. तुमच्या घरात मुली आईशी बोलत नाहीत का?"

खरं सांगणं सोपं होतं. 'मला काहीच माहीत नव्हतं, विहीणबाई, मी आत्ताच ऐकलं.' एवढं म्हणालं की सगळा दोष पेलिनवर गेला असता. काकूने पोरीचे कान भरले, आईला अंधारात ठेवलं. मुअल्लाबाईंनी ते मानलं असतं, सासूबाईंनीही कदाचित मानलं असतं. वर्षानुवर्षं शादिये अशाच एका संधीची वाट बघत होती आणि ती आता पायाशी येऊन पडली होती. पण ती उचलायची तर आधी दुसरं एक वाक्य कबूल करावं लागत होतं: माझी मुलगी पहिल्यांदा हिच्याकडे गेली.

ते वाक्य तिच्या तोंडातून निघेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "जेरेन पहिल्यांदा माझ्याशीच बोलली. रमजानच्या आधी. मीच तिला म्हटलं, काकूला विचार, ती तिकडचीच आहे, कॉलेज कसं आहे ते तिला ठाऊक. पेलिनला वाटतंय आपल्यालाच आधी कळलं. वाटू दे."

पेलिनने तिच्याकडे पाहिलं. शादियेने पाहिलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत असून तुम्ही आम्हाला बुर्साहून बोलावलंत," मुअल्लाबाई म्हणाल्या. "फीत, अंगठ्या, सगळं घेऊन. आणि मला एका भिंतीकडून कळतंय."

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी जपमाळ पर्समध्ये टाकली. "काकूला मी एक वेळ माफ केलं असतं, परक्या घरातली पोर म्हणून. तुम्ही तर आई आहात."

हाही घाव शादियेने घेतला. तो खोट्यापोटी मिळालेला होता, पण मिळालेला आईलाच होता.

"शिकू देणार तिला?" मुअल्लाबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि माझ्या मुलाने दोन वर्षं काय करायचं? बुर्साच्या वीस घुमटांखाली फेऱ्या मारायच्या?"

"ते त्याला विचारा. थांबला तर अंगठी दोन वर्षांनी. नाही थांबला तर..." शादियेचा घसा आता खरंच बसला होता. "तर नशीब एकेकाचं."

मुअल्लाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "विचारीन त्याला. पण फीत आज कापायची नाही. रात्री कॉफी पिऊ आणि सकाळी निघू. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्यासारखं घडवून सांगणारी नाही." त्या दाराकडे वळल्या, आणि दारात थांबून एकदा वर कोपऱ्याकडे बघून घेतलं, चाराचे आठ, आठांचे सोळा.

पेलिन म्हणाली, "ताई, मी जेरेनसाठी खोली आवरून ठेवते. तुम्हीही येत जा."

"ती वसतिगृहात राहील," शादिये म्हणाली.

"अहो, घर आहे ना आपलं. उगाच कशाला..."

"वसतिगृहात राहील, आणि रविवारी मला फोन करेल. तुझ्याकडे ईदला जेवायला येईल, पाहुणी म्हणून."

सासूबाईंची नमाज संपली होती. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "कोणीतरी मला उठवा रे," त्या म्हणाल्या. पेलिन आणि शादिये दोघी एकदमच पुढे झाल्या, आणि शादियेने पाऊल लांब टाकून आधी हात दिला.

अंगणात येताच शादियेने सासूबाईंची काठी पेलिनच्या हातात ठेवली. "या दोघींना हळूहळू नदीकाठच्या चहाच्या बागेत घेऊन ये. मी पुढे होते." मुअल्लाबाई बुटांची बक्कलं लावत होत्या. त्यांच्याआधी जेरेनला गाठायला हवं होतं. विहीणबाईंनी पोरीला 'तू आईला कधी सांगितलंस?' असं विचारलं आणि पोरगी गोंधळली, तर संपलंच. शादिये बोळातून जवळजवळ पळत निघाली. बेकरीवाल्याने ईद मुबारक म्हटलं, त्याला तिने मान हलवली आणि रस्त्यावर टॅक्सी थांबवली.

चहाच्या बागेत जेरेन आणि सेरहात नदीकडे तोंड करून बसले होते. समोरचा चहा तसाच होता. पोराचा चेहरा उतरलेला होता आणि जेरेन पेल्याखालची बशी फिरवत होती. त्याला ती सांगून बसली होती तर. म्हणजे त्यालाही आधी. शादियेने ते गिळलं.

"बाळ, तुझी आई येतेय, जरा पुढे होऊन त्यांना घेऊन ये," ती त्याला म्हणाली. तो उठून गेल्यावर ती त्याच्या खुर्चीवर बसली. तिला धाप लागली होती.

"काय झालं, आई?"

"नीट ऐक. तू मला सांगितलं होतंस. रमजानच्या आधी. मी हो म्हटलं होतं. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं."

"काय सांगितलं होतं?"

"इझमीरचं."

जेरेनच्या हातातली बशी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू लाल झाला. तिची नजर आईच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे गेली. तिथे दुसऱ्या टॅक्सीतून सासूबाईंना हात देऊन पेलिन उतरत होती. डोळ्यांनीच काही विचारावं तसं जेरेन तिच्याकडे बघू लागली.

शादियेने खुर्ची सरकवली आणि मधे आली.

"तिच्याकडे काय बघतेस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. त्या इथे पोचायला वेळ आहे, आजीचे गुडघे धड नाहीत. तोवर सांग मला. फॉर्म कधी भरलास, तिथून सुरुवात कर."